प्रतिसाद: मेट्रॉलॉजीला कात्री नको

सीएनसी (संगणकाने चालणारी मशीन) आणि थ्रीडी प्रिंटिंग आल्यावर इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमातला मेट्रॉलॉजीचा, म्हणजे अचूक मोजमापाच्या शास्त्राचा, पेपर कमी केला तरी चालेल, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. मशीन कितीही अचूक असलं तरी किती अचूकता हवी, हे ड्रॉइंग काढणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

भोकात बसणाऱ्या २५ मिमीच्या शाफ्टचंच (गोल दांड्याचंच) घ्या. एच७/जी६ फिट (भोकात शाफ्ट किती सैल बसावा, याची प्रमाणित खूण) दिला, तर भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मिमी. म्हणजे फट कमीत कमी ७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), जास्तीत जास्त ४१. आता शाफ्ट नुकताच लेथवर टर्निंग करून काढलाय आणि हाताला चांगला गरम लागतोय. २० अंशांनी तापमान वाढलं की या व्यासाचं पोलाद साधारण ६ मायक्रॉन फुगतं. तसाच मोजला तर चांगला जॉबही (बनवलेला भागही) रिजेक्ट होऊ शकतो. प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस का धरतात, हे तेव्हा नीट कळतं. प्रॅक्टिकलला एकच जॉब गरम असताना आणि गार झाल्यावर मोजायला लावा, मुलं ते विसरणार नाहीत.

कॅड-कॅमचे (संगणकावर डिझाइन आणि उत्पादनाचे) तास वाढवा, त्याला हरकत नाही. पण गरज नसताना सगळ्या मापांवर कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) टाकणारी ड्रॉइंग्ज प्रोजेक्टमध्ये सर्रास दिसतात (रिपोर्ट मात्र देखणे असतात!). तिथे ग्राइंडिंगचा (घासून नेमकं माप आणण्याचा) खर्च उगाच वाढतो. प्रोजेक्टच्या परीक्षेत प्रत्येक टॉलरन्समागचं कारण विचारा आणि त्याला गुण ठेवा.