गाईड वाचणाऱ्यांनी स्पेशल इंग्लिश घेऊ नये म्हणे!

यावलकर
काल इथे एका प्राध्यापक महोदयांनी लिहिलं, ‘गाईडवर जगणाऱ्या पोरांनी स्पेशल इंग्लिश (बी.ए.ला मुख्य विषय इंग्रजी) घेऊच नये, मूळ पुस्तक झेपत नसेल तर घरी बसावं.’ डोकं फिरलं. सर, सातपुड्याच्या पाड्यावरचं पोरगं घरी पावरी बोलतं, शाळेत मराठी शिकतं आणि बी.ए.ला थेट शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकासमोर उभं राहतं. आपलं विद्यापीठ ज्या बहिणाबाईंच्या नावाचं, त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांनाही घरीच बसवलं असतं का तुम्ही? शेक्सपिअर इंग्लंडातली पोरंसुद्धा टिपांशिवाय वाचत नाहीत. आर्डेनच्या आवृत्तीत खाली टिपाच टिपा असतात, ते विद्वत्तेचं काम. चोपड्याच्या स्टँडसमोर मिळतं ते मात्र पाप!

तळटीप
टीप वाचून माणूस परत ओळीकडे जातो. गाईड वाचणारा जातो का, ते सांगा. आत्ता माझ्यासमोर एक गाईड उघडं आहे. ‘ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह’, म्हणजे भावना थेट न सांगता ती जागवणाऱ्या वस्तू-प्रसंगांतून मांडणं: तीन ओळी, खाली कवी-समीक्षक एलियटचं नाव, खलास. एलियटने ती संज्ञा १९१९ मध्ये हॅम्लेटवरच्या लेखात वापरली, तीही नाटक फसलंय हे सांगायला. याचा पत्ताच नाही! आणि त्याच गाईडात पुढे ‘हॅम्लेट ही श्रेष्ठ शोकांतिका आहे, चर्चा करा’. पोरगं दोन्ही उत्तरं पाठ करतं, या दोघांचं भांडण आहे हे त्याच्या गावीही नसतं. त्यापेक्षा अब्रॅम्सची ग्लॉसरी, साहित्यातल्या संज्ञांचा कोश, द्या हातात. १९५७ पासून चालतेय, एकेका संज्ञेवर छोटेखानी निबंध आहे. कॉलेजात एक प्रत असली तरी भागतं.

माजी_सीएचबी
एक प्रत! आमच्याकडे कपाटाला कुलूप, किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क लग्नाला. शिकवायला कोण? मी, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. सकाळी एका गावी चॉसर, दुपारी एसटीने दुसऱ्या गावी कंपल्सरी इंग्लिश. मानधन परीक्षा उरकल्यावर, तेही बिलात चूक निघाली नाही तर. मी तयारी कशावरून करायचो? गाईडवरून. बोला आता.

तळटीप
व्वा. सरही गाईडवर, पोरंही गाईडवर. मग मानधन प्रकाशकालाच द्या की!

माजी_सीएचबी
द्या ना. त्याला निदान वेळेवर मिळेल. सातवा वेतन आयोग खिशात घालून अब्रॅम्स सुचवायला काय जातं? नेट झालो, पीएच.डी. झालो, मुलाखतीला गेलो तर जागा आधीच ‘ठरलेली’. शेवटी भावासोबत कापूस पाहतो आता.

तळटीप
माझा पगार मध्ये आणू नका. मीही सीएचबीवर काढलीत वर्षं.

माजी_सीएचबी
काढलीत ना? मग विसरलात लवकर.

रावेरची_केळी
काय बोलून राहिले भो तुम्ही? धागा गाईडचा होता ना? आमची पोरगी टी.वाय.ला आहे. आधी गाईडात गोष्ट वाचते, मग नाटक. मॅकबेथमध्ये डंकन राजाच्या खुनानंतर दार वाजतं, तिथला तो दारुडा दारवान गाईडाने ‘कॉमिक रिलीफ’ म्हणून एका ओळीत उडवला होता. पोरगी मुळातून वाचून एकटीच हसत बसली. मला सांगे, पप्पा, तो स्वतःला नरकाचा दारवान समजतो, अन् खरंच त्या घरात नरकच झालेला असतो. मी दहावी नापास, मलाही कळलं.

तळटीप
बघा, मुळातूनच हसली.

यावलकर
मुळापर्यंत नेलं कोणी? सांगा की.

तळटीप
बरं बाबा, गोष्टीपुरतं गाईड चालेल, खूश? पण दर दोन वर्षांनी पेपरात ‘लेडी मॅकबेथ ही (नाटकातल्या तिघींनंतरची) चौथी चेटकीण’ येतंच. गाईडातल्या प्रश्नांवरच पेपर निघत असेल तर तुमच्या पोरीसारखं मुळातून वाचणाऱ्याला जादा मार्क कोण देतं?

माजी_सीएचबी
आणि पेपर कोण काढतं सर? आम्हाला तर कोणी विचारत नाही.