मदत हवी आहे: वहिनीला बीए करायचंय, बांधकाम कामगार मंडळाची शिष्यवृत्ती बायकोला पण मिळते का?

नमस्कार मंडळी, शोधून बघितलं पण सगळीकडे मुलांच्या शिष्यवृत्तीचंच लिहिलंय म्हणून नवा धागा काढतोय, आधी झाला असेल तर लिंक द्या.

दादा सेंट्रिंगच्या कामावर असतो, आम्ही सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. तो बांधकाम कामगारांच्या युनियनचा मेंबर आहे, त्यांनीच मागे मंडळात नोंदणी करून दिली. कार्ड आहे, भांड्यांचा संच पण मिळालाय. पुतण्या सातवीत, पुतणी चौथीत, दोघांचे अडीच-अडीच हजार गेल्या वर्षी दादाच्या खात्यावर आले.

आता वहिनी. बारावी आर्ट्स पास आहे, मार्कही बरे होते, पण लग्न झालं आणि मग पोरं, शिक्षण राहिलं ते राहिलंच. आता पोरं शाळेत जातात तर म्हणते बीए करते, पुढे अंगणवाडी सुपरवायझरची परीक्षा द्यायची आहे तिला, त्याला पदवी लागते. दादा काय नाही म्हणत नाही पण पावसाळ्यात स्लॅबची कामं बंद असतात आणि नेमकी ॲडमिशन तेव्हाच. इथल्या एका एजंटला विचारलं तर म्हणाला बायकोला मिळवून देतो, पण आलेल्या पैशातले निम्मे माझे. निम्मे! म्हणून इथे विचारतोय.

पत्नीला खरंच मिळते का आणि किती? तिचा फॉर्म भरला तर पोरांचं बंद होईल का, कारण दोनच जणांना मिळते असं ऐकलंय. आणि मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, त्याचं काय करायचं?

मिस्त्री_काका:
मिळते बाळा. पदवीच्या योजनेत कामगाराची दोन मुलं किंवा पत्नी असं स्पष्ट लिहिलंय, वर्षाला २०,००० रुपये, प्रत्येक वर्षाचा वेगळा अर्ज. इंजिनिअरिंगला ६०,००० आणि मेडिकलला १ लाख, त्यातही पत्नी आहे. पोरांची शाळेची योजना वेगळी, दोन पाल्यांची अट तिथली. वहिनीच्या अर्जाने ती बंद पडत नाही. फक्त शाळेत ७५ टक्के हजेरी लागते आणि पुतण्या आठवीत गेला की त्याचे ५,००० होतात.

एजंटला पाच पैसे देऊ नका. हा पैसा कुणाच्या मेहरबानीचा नाही, कायद्याने बांधकामाच्या खर्चावर १ टक्का सेस म्हणजे उपकर कापला जातो त्यातून येतो. भांड्यांच्या संचासाठी पहाटेपासून लायनी लागतात पण बायकोच्या शिक्षणाचं विचारायला आमच्याकडे वर्षात एखादाच येतो.

बाभळीचा_काटा:
पत्नी आहे पण पती नाही हे बघा. माझी बहीण बिगारी म्हणून नोंदणीकृत आहे, तिच्या नवऱ्याला शिकायचं असेल तर काही नाही. बाई कमावते आणि नवरा शिकतो हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं.

रेवा_लातूर:
नावाचं मी निस्तरलंय म्हणून सांगते. विवाह नोंदणीचा दाखला काढा, ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिकेतून मिळतो. तो आणि रेशनकार्डावर नवऱ्याच्या खाली तिचं नाव, एवढ्यावर माझं झालं. रेशनकार्डावर नाव नसेल तर ते आधी चढवून घ्या, खरा वेळ तिथेच जातो. मधली वर्षं गेली म्हणून कॉलेजवाले गॅप सर्टिफिकेट मागतील, म्हणजे साधं प्रतिज्ञापत्र, घाबरायचं काम नाही.

आणि एक, पैसे आधी मिळत नाहीत हो. ॲडमिशनची पावती, बोनाफाईड आणि बारावीचं मार्कशीट जोडल्यावरच अर्ज होतो, त्यामुळे पहिली फी तुम्हालाच भरायची. आमच्या कॉलेजने हप्ते पाडून दिले होते, प्राचार्यांना अर्ज लिहून द्यावा लागला.

एमआयडीसी_पोरगा:
माझे वडील कंपनीत आहेत, जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधी कापतात, त्यातून मला शिष्यवृत्ती मिळाली होती. तुम्ही पण कामगार कल्याण केंद्रात जाऊन विचारा ना.

मिस्त्री_काका:
ते वेगळं रे. तुझं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ, कारखाना-दुकानातल्या पगारी कामगारांचं. यांचं इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळ. नावं सारखी म्हणून लोक चुकीच्या ऑफिसात दिवस घालवतात.

धागाकर्ता:
काका, रेवाताई, खूप आभार. वहिनीला वाचून दाखवलं, इंजिनिअरिंगचा आकडा ऐकून म्हणाली मग बीए कशाला. 😄

दोन शंका. युनियनची वर्गणीची पावती चालू वर्षाची आहे पण मंडळाच्या कार्डावरची तारीख उलटून गेलीय असं आत्ता दिसलं. आणि कॉलेज गावापासून लांब आहे, मुक्त विद्यापीठातून केलं तर?

मिस्त्री_काका:
तारीख उलटली असेल तर सगळं सोडून आधी ते. युनियनची मेंबरशिप वेगळी, मंडळाची नोंदणी वेगळी, लाभ नोंदणी जिवंत असेल तरच. दरवर्षी रिन्यू करावी लागते, फीचं काही नाही, अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं ठेकेदाराने लिहून द्यायचं असतं. ठेकेदार सही द्यायला का कू करतात, सेसचं लफडं मागे लागेल म्हणून. नाही दिली तर ग्रामसेवक नाहीतर नगरपालिकेकडून घ्या, आणि युनियनवाल्यांना सोबत न्या, एकट्या माणसाला तिथे कुणी विचारत नाही. दादाचं खातं आधारला जोडलेलं आहे ना तेही बघून घ्या, पैसे तिथेच येतात.

रेवा_लातूर:
नाशिकच्या मुक्तचं केलंत तर ॲडमिशन घ्यायच्या आधी मंडळाच्या तालुक्याच्या सुविधा केंद्रात विचारून घ्या, अभ्यासकेंद्राचं बोनाफाईड चालेल का म्हणून. तोंडी हो म्हणाले तर नाव विचारून ठेवा. मी रेग्युलरच केलं, आठवड्यातले तीन दिवस सासूबाई पोरं सांभाळायच्या.

धागाकर्ता:
दादाचा ठेकेदार उद्या साइटवर येणार आहे, दाखल्याचा कोरा फॉर्म प्रिंट काढून दादाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलाय. सही नाही दिली तर परवा नगरपालिका. तिथे कुठल्या खिडकीला जायचं कुणाला माहीत असेल तर सांगा.