जुनी मसल कार देऊन इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

आठ_सिलिंडर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९६८ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक आहे, म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार. ३०२ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ४.९ लिटरचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन आणि चार गिअर. गेली सतरा वर्षे ती माझ्याजवळ आहे. घेतली तेव्हा दारांखालचा पत्रा गंजून त्याला भोके पडली होती. मी आणि थोरल्या भावाने मिळून सुट्टीचे कितीतरी दिवस तिच्यावर घालवले आणि इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधले. डाव्या दाराची काच वर घेताना हँडल अर्ध्यावर अडते आणि तेथे काचेला तळव्याने हलका आधार द्यावा लागतो, हे आता घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता मुलगी दोन वर्षांची झाली आहे आणि कामासाठी रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर प्रवास होतो. मागच्या आसनाला फक्त कमरेचा पट्टा असून मुलांची खुर्ची पक्की बसवण्याची सोय नाही. एअरबॅग आणि अँटिलॉक ब्रेक तर त्या काळात या गाडीत नव्हतेच. वाहतूक तुंबली की तापमानाचा काटा चढू लागतो आणि १०० किलोमीटरला सुमारे १८ लिटर पेट्रोल लागते. इलेक्ट्रिक हॅचबॅक घ्यावी असे घरात ठरत आले आहे आणि शोरूमवाले मस्टँग एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार आहेत. कागदावर सगळे पटते, पण सही करायची वेळ आली की हात अडतो. ज्यांनी अशी गाडी दिली आहे किंवा मुद्दाम ठेवली आहे, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल. जुन्याच गाडीत मोटर आणि बॅटरी बसवून घेण्याचा विचारही मनात येऊन गेला आहे.

रातराणी_चार्जर

आपण दोन निर्णय एकाच कागदावर आणले आहेत, आणि माझ्या मते हात अडतो तो त्यामुळेच. नवी गाडी घेणे हा एक निर्णय आणि मस्टँग सोडणे हा दुसरा. त्यांची गाठ शोरूमच्या सोयीसाठी बांधलेली आहे, आपल्या नव्हे. वापरलेल्या गाडीची किंमत शोरूममध्ये साधारणपणे वय आणि चाललेले अंतर पाहून ठरते. जुन्या मसल कारचे मोल मात्र मूळ इंजिन तेच आहे का, चासीचा क्रमांक आणि त्यातले इंजिनाचे सांकेतिक अक्षर जुळते का, पत्र्याचे काम कसे झाले आहे, यांवर ठरते. हे सारे बारकाईने पाहणारा माणूस छंदी मंडळींतच सापडेल. त्यामुळे काहीही झाले तरी एक्स्चेंजमध्ये देऊ नये, एवढे मी ठामपणे सांगेन.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल म्हणाल, तर आपला रोजचा प्रवास तिच्यासाठीच आखल्यासारखा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे आपली मस्टँग १०० किलोमीटरला १६० युनिटांच्या आसपास ऊर्जा खर्च करते आणि तिच्यातला मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी तेच अंतर साधारण १५ ते १८ युनिटांत कापते. रोजच्या ६० किलोमीटरला दहा-अकरा युनिटे लागतील आणि साध्या २ किलोवॅटच्या प्लगवरही ती सकाळपर्यंत भरून निघतील. कडाक्याच्या थंडीत आणि सलग वेगाने चालवताना पल्ला बराच घटतो, हे मात्र लक्षात असू द्या.

मोटर बसवून घेण्याचा विचार सोडून द्यावा, असे वाटते. त्यात इतकी मेहनत ओतूनही मुलीची खुर्ची, एअरबॅग आणि ब्रेक यांचा प्रश्न जसाच्या तसा राहील.

शेडमधली_धूळ

ठेवण्याचा विचार करत असाल तर माझी चूक आधी वाचा. मी माझी गाडी ‘पुढे बघू’ म्हणून झाकून ठेवली आणि तीन वर्षे तिच्याकडे पाहिले नाही. आच्छादन काढले तेव्हा कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर जमला होता, मागचे ब्रेक ड्रमला धरून बसले होते आणि उंदरांनी डॅशबोर्डामागच्या वायरी कुरतडल्या होत्या. गाडी विकली असती तर जेवढे दुःख झाले असते, त्याहून ते दृश्य पाहून अधिक झाले.

गाडी ठेवायची म्हणजे चालवायची. अनेक जण पंधरवड्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवतात. त्याने उलट नुकसान होते, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि तेलात व सायलेन्सरमध्ये ओलावा साठत जातो. तिला निदान अर्धा तास रस्त्यावर न्यावे लागते. शिवाय इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, म्हणून त्या बदलून घ्याव्यात आणि उभ्या गाडीच्या बॅटरीला देखभालीचा छोटा चार्जर लावून ठेवावा. लहान मूल घरात असताना महिन्यातून दोन सकाळी एवढा वेळ काढता येईल का, हा प्रश्न स्वतःला अगदी प्रामाणिकपणे विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर जो चालवेल त्याच्या हाती ती गेलेली बरी.

चौथा_गिअर

मी चार वर्षांपूर्वी माझी गाडी दिली आणि आता इलेक्ट्रिक चालवतो. मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, मिळत असल्याने सिग्नल सुटल्यावरची झेप जुन्या व्ही-८पेक्षा कमी वाटत नाही, आणि पाय उचलताच गाडी स्वतःच मंदावत बॅटरीत ऊर्जा परत घालते, याचीही सवय आठवडाभरात होते. पण थंड इंजिन सुरू होताना छातीत जाणवणारी ती धडधड हिच्यात नाही आणि ती शोधायला गेलात तर निराश व्हाल. नवी गाडी घरच्यांसाठी घ्या; जुनीची जागा तिने भरावी अशी अपेक्षा तिच्यावर लादू नका. आणि विकलीत, तर घेणाऱ्याबरोबर एक फेरी जरूर मारा. मी ती मारली नाही, हे अजून मनाला लागून आहे.

आठ_सिलिंडर

सर्वांचे मनापासून आभार. एक्स्चेंजला काल नकार कळवला आणि इलेक्ट्रिक गाडी स्वतंत्रपणे नोंदवली. महिन्यातल्या दोन सकाळींचा हिशेब भावाबरोबर बसून मांडला; मला एकच निघते, दुसरी तो घेणार आहे. वर्षभर हे जमते का ते पाहू. नाही जमले, तर मूळ इंजिनाच्या कागदपत्रांसह छंदी माणसालाच देऊ आणि त्याच्याबरोबर फेरीही मारू. तोवर एका वहीत तिच्या सवयी लिहायला घेतल्या आहेत: चोक किती ओढायचा, तिसरा गिअर थंडीत कसा टाकायचा, आणि डाव्या काचेला हात नेमका कोठे लावायचा.