सव्वादोन वर्षांचा मुलगा अजून बोलत नाही: थांबावे की दाखवावे?

ए-७०३: सर्वांना नमस्कार. घरगुती प्रश्नासाठी सोसायटीच्या ग्रुपचा वापर करत आहे, त्याबद्दल क्षमस्व. आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला आहे. तो ‘आई’, ‘दे’, ‘नको’, ‘भूभू’ असे आठ-दहाच शब्द बोलतो आणि दोन शब्द जोडून अजून एकदाही बोललेला नाही. घरात मी मराठीतून बोलते, त्याचे बाबा आणि हुबळीहून आलेले आजी-आजोबा कन्नडमधून बोलतात आणि पाळणाघरात दिवसभर हिंदी चालते. तीन भाषांमुळे त्याचा गोंधळ उडत आहे, घरात एकच भाषा ठेवा, असा सल्ला आम्हाला मिळाला. सासूबाईंना मराठी फारसे येत नाही, त्यामुळे त्यांनी नातवाशी बोलणेच जवळजवळ बंद केले आहे. कोणाला असा अनुभव असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

बी-२०४: अगं, काळजी करू नकोस. मुलगे उशिराच बोलतात. आमचा धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत खुणांवरच होता आणि आता त्याला गप्प बसवावे लागते. वर्षभर वाट बघ, आपोआप बोलेल.

सी-५०१: नमस्कार ताई. मी वाचा-भाषा उपचाराचे काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. ग्रुपवर निदान करता येत नाही आणि ते कोणी करूही नये, परंतु काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात.

पहिली विनंती अशी की आजींना आजच सांगा, त्यांनी नातवाशी कन्नडमध्येच आणि पूर्वीइतकेच भरभरून बोलावे. दोन-तीन भाषा कानांवर पडल्यामुळे मुलाचे बोलणे मागे पडते, या समजुतीला आधार नाही. ज्या मुलाला भाषेची खरोखर अडचण असते, त्याला ती प्रत्येक भाषेत असते. एक भाषा काढून घेतल्याने ती सुटत नाही, मात्र मायेने बोलणारे एक माणूस त्याच्यापासून तुटते. शब्द मोजतानाही सगळ्या भाषांतील शब्द एकत्र धरा. तो पाण्याला ‘नीरु’ म्हणत असेल तर तोही शब्दच आहे, आणि अशी पुन्हा मोजणी केल्यावर तुमची यादी कदाचित लांबेल.

तरीही ‘वर्षभर वाट बघ’ या सल्ल्याशी मी सहमत होऊ शकत नाही. काकू, तुमचा अनुभव खरा आहे. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे स्वतःहून बरोबरीला येतात आणि मुलगे सरासरीने किंचित मागे असतात, हेही खरे. पण सरासरीतला तो फरक थोडका असतो, आणि कोणते मूल आपोआप सावरेल व कोणते नाही, हे दुसऱ्या वर्षी कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. शिवाय घरोघरी सांगितल्या जातात त्या सावरलेल्या मुलांच्याच गोष्टी. साधारणपणे दोन वर्षांच्या सुमारास मुले ‘बाबा ये’, ‘दूध नको’ असे दोन शब्द जोडू लागतात. तसे होत नसेल तर तपासणी करून घ्यावी. तपासणीत काही निघाले नाही तर नुकसान काहीच नाही, आणि काही निघाले तर वर्ष वाया जात नाही.

बी-६०२: कोणती तपासणी, हेही कृपया लिहावे. आमच्या मुलीच्या वेळी आम्हाला आधी जिभेखालचा पडदा कापण्याविषयी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तिला पावसाळ्यात वारंवार सर्दी व्हायची आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहिले होते. कान दुखत नव्हता, वाहत नव्हता, त्यामुळे आमच्या लक्षातच आले नाही. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसायची, पाठमोरी असताना हाक मारली तर वळायची नाही, आणि आम्ही तिला हट्टी समजत होतो.

सी-५०१: दादा, आपण हे लिहिले ते फार चांगले झाले. जिभेखालच्या पडद्यामुळे काही अक्षरांचा उच्चार अडू शकतो. शब्दच न येण्याचे कारण सहसा ते नसते. सुरुवात नेहमी कानांपासून करावी.

ऐकण्याचे महत्त्व किती आहे, हे एका जुन्या प्रयोगातून कळते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखता येतो, परंतु वर्षाच्या आसपास ती ओळख मावळते, कारण तो फरक त्यांच्या कानांवर कधी पडलेलाच नसतो. पहिला शब्द उमटण्याच्या कितीतरी आधी बाळाचे कान भाषेची निवड करू लागलेले असतात. त्या काळात कानांपर्यंत अर्धवटच पोहोचत असेल, तर तोंडातून पूर्ण कसे यावे?

घंटागाडीचा आवाज आला की मूल गॅलरीत धावते, कुकरच्या शिट्टीला दचकते, म्हणून त्याला ऐकू येतेच, असे मात्र धरू नये. हे आवाज मोठे असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे ध्वनी हळू आणि उंच पट्टीचे असतात, आणि श्रवणक्षमता थोडी कमी असलेल्या मुलाकडून नेमके तेच निसटतात.

ताई, आता मला हे सांगा: बोट न दाखवता, नजरेनेही न सुचवता, ‘आजोबांचा चष्मा आण’ म्हटले तर तो आणतो का? काही आवडले की बोट दाखवून तुमच्याकडे वळून पाहतो का? शब्द किती बोलतो यापेक्षा समजते किती, याला मी अधिक महत्त्व देते.

ए-७०३: चष्मा आणतो. चप्पल म्हटले की चप्पलही आणतो, तीही बरोबर आजोबांचीच. बोट दाखवून आमच्याकडे बघतो. पाठमोरा असताना हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. जन्मल्यावर कानांची तपासणी झाल्याचे कागदपत्रांत दिसत नाही.

सी-५०१: समजणे आणि बोट दाखवून तुमच्याकडे बघणे ही दोन्ही आश्वासक लक्षणे आहेत. हाकेविषयीची शंका मात्र तपासणीनेच फिटेल.

ए-१०१: मोबाइलवरील बालगीतांमुळे शब्द वाढतात का? आमची नात इंग्रजी रंग धडाधड म्हणते, पण पाणी हवे असेल तर हात धरून माठाकडे नेते.

सी-५०१: काका, आपण जे निरीक्षण केले आहे, त्यातच उत्तर आहे. पाठ म्हणणे आणि मागण्यासाठी बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांसाठी मोबाइल-टीव्हीचा पडदा टाळावा आणि दोन वर्षांपासून पुढे तो दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, त्याहून कमी असल्यास उत्तम. पडदा मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. माणूस थांबू शकतो.

हे थांबणेच मोठ्यांना सर्वांत अवघड जाते. अंघोळ घालताना ‘पाणी, गरम पाणी, अजून ओतू?’ असे म्हणून तांब्या हातात तसाच धरावा आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे. मुलाने नुसता ‘ओ’ केला, मान हलवली, तरी ते उत्तर समजून ‘हो, अजून ओत’ म्हणत पाणी ओतावे. तो ‘भूभू’ म्हणाला तर ‘हो, भूभू पळाला’ एवढीच भर घालावी. ‘म्हण ना, म्हण, काकांना म्हणून दाखव’ हे पूर्ण थांबवावे. चारचौघांत परीक्षा घेतली की मूल मिटते. तो काकांना ‘ताता’ म्हणाला तर हसू नये, चिडवू नये. या वयात ते स्वाभाविक आहे, आणि ‘र’ व ‘ळ’ तर बऱ्याच मुलांना उशिराच साधतात.

ए-७०३: मनापासून आभार. सासूबाईंना आत्ताच सांगितले. तपासणीसाठी कोठे जावे आणि काय तयारी करावी?

सी-५०१: आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना सांगून कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) यांच्याकडे जावे. आपल्या पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचा श्रवण आणि वाचा-भाषा या विषयांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे चौकशी करता येईल. खासगी उपचारकांकडे जाणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक निःसंकोचपणे विचारावा. आपल्याकडे घरकाम करणाऱ्या ताईंनाही हे जरूर सांगावे की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, अंगणवाडीतील मुलांच्या वाढीतील विलंबाची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी विनामूल्य पाठवणी केली जाते.

सोबत एका कागदावर त्याचे सर्व भाषांतील शब्द लिहून न्यावेत आणि पाळणाघरातील ताईंनाही विचारावे, कारण तेथे तो काही वेगळे शब्द बोलत असण्याची शक्यता आहे. कानाच्या पडद्यामागे पाणी आहे का, हे पाहणारी तपासणी काही मिनिटांची असते आणि दुखत नाही. बेरा तपासणी (आवाजाचा संकेत कानापासून मेंदूकडे नीट पोहोचतो का, हे पाहणारी) सांगितली तर त्यासाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून त्याच्या दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्यावी आणि सकाळी त्याला लवकर उठवावे. बाणेरहून बायपासने जाताना नवले पुलापाशी गाडी रखडली की मुले हमखास झोपतात आणि तेथे पोहोचल्यावर टक्क जागी होतात. त्यामुळे मागच्या सीटवर आजींना त्याच्या शेजारी बसवावे आणि वाटभर कन्नडमध्ये गप्पा मारत त्याला जागे ठेवायला सांगावे.