मदत हवी आहे: दोन गिनीपिग माद्यांचे पटत नाही, की पटण्याची हीच रीत आहे?

नमस्कार.

माझ्याकडे ठमी नावाची अडीच वर्षांची गिनीपिग मादी आहे. तिची जोडीदारीण दोन महिन्यांपूर्वी गेली आणि तेव्हापासून, फ्रीजचे दार वाजले की घरभर ऐकू येणारी ठमीची शिट्टी जवळजवळ बंदच झाली. हा कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला एकटे ठेवू नये, हे माहीत होते (स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून तसा कायदेशीर नियमच आहे), म्हणून तीन महिन्यांची चिंगी आणली. ती मादीच असल्याची खात्री पशुवैद्यांकडून करून घेतली, दोन आठवडे तिला वेगळ्या खोलीत ठेवले, त्यानंतर दोघींचे पिंजरे शेजारी मांडले आणि मगच, दोघींपैकी कोणाचाही वास नसलेल्या जागी, मध्ये वाळलेल्या गवताचा ढीग ठेवून त्यांची गाठ घालून दिली. गेले नऊ दिवस त्या एकाच पिंजऱ्यात आहेत.

ठमी दिवसातून अनेकदा चिंगीभोवती मागचा भाग डोलवत, एकेक पाऊल तोलून टाकत फिरते आणि त्या वेळी तिच्या अंगातून दूरवर मोटार चालू असावी तशी घरघर ऐकू येते. चिंगी बाजूला झाली नाही, तर ठमी तिच्या अंगावर चढते. मादीने मादीवर चढावे, याचे मला आश्चर्य वाटले. चिंगी कर्कश किंचाळते. एकदा तर तिने पाठमोरी राहूनच ठमीच्या तोंडावर मूत्राची पिचकारी मारली आणि ठमी पुढची पाच मिनिटे मिशा पुसत बसली. कधी दोघी समोरासमोर नाक उंचावून उभ्या राहतात, दात कटकट वाजवतात आणि चिंगीचे नाक खाली आले की प्रकरण मिटते. रक्त आलेले नाही, पण हे पाहताना माझाच जीव वरखाली होतो.

रात्री मात्र सगळे शांत असते. ठमी लाकडी घराच्या दारात आडवी बसते आणि चिंगी पाण्याच्या बाटलीखालच्या कोपऱ्यात. वजनाची नोंद ठेवली आहे: ठमी ९४० ग्रॅमवर स्थिर आहे, चिंगी ५१० वरून ४८५ वर आली, नवीन जागेमुळे असावे.

या दोघींना वेगळे करावे का? की किंचाळणे ऐकूनही मध्ये पडू नये? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

दिवसा चाललेल्या प्रकाराची फारशी काळजी करू नका. घरघर, डोलणे, अंगावर चढणे, नाक उंचावणे या सगळ्यांतून दोघींत वरचढ कोण हे ठरत असते, आणि पिचकारी म्हणजे मादीने दिलेला स्वच्छ नकार. मादी साधारण १६ दिवसांनी माजावर येते, तेव्हा हाच प्रकार काही काळ वाढतो. चिंगीचे किंचाळणेही बहुधा ‘मी हार मानली’ एवढेच सांगणारे असते. लहान गिनीपिग धक्का लागण्याआधीच ओरडतात. दात वाजवणे ही मात्र ताकीद असते. त्यासोबत मानेवरचे केस उभे राहिले, जांभई दिल्यासारखे तोंड उघडून दात दाखवले आणि मग झेप घेतली, तर दोघींच्या मध्ये जाड टॉवेल टाका. उघडा हात घालू नका. रक्त निघाले किंवा दोघी एकमेकींत गुंतून लोळू लागल्या, तर वेगळे करावेच लागते. त्याखेरीज दर किंचाळीला वेगळे केले, तर ठरत आलेले सारे त्यांना पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागते.

मला खटकली ती तुमची ‘शांत’ रात्र. तीन महिन्यांच्या पिल्लाचे वजन नऊ दिवसांत वाढायला हवे होते, ते पंचवीस ग्रॅमने घटले आहे, आणि ते तुम्ही नवीन जागेच्या खात्यावर टाकून मोकळे झालात. एकच दार असलेले घर आजच काढा, कारण दारात बसणाऱ्या गिनीपिगाला आत कोण जाणार हे ठरवता येते. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी उघडे असलेले पुठ्ठ्याचे खोके ठेवा. गवताचे ढीग दोन करा, बाटल्या दोन करा आणि त्या समोरासमोरच्या टोकांना लावा, म्हणजे एकीला दोन्हींवर पहारा देता येणार नाही. चिंगीचे वजन रोज ठरलेल्या वेळी घ्या. तिने खाणे पूर्ण थांबवले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, पशुवैद्यांना गाठा.

आणखी एक. ठमीच्या वयाच्या माद्यांत अंडाशयात सिस्ट होणे बरेच आढळते आणि त्यामुळे चढणे व चिडणे वाढू शकते. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आहेत का, तेवढे पाहून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. घर काढून चार दिवस झाले. पहिल्या संध्याकाळी ठमी रिकाम्या जागेत तशीच आडवी बसून राहिली, जणू दार अजून तिथेच आहे. तेवढ्यात चिंगी खोक्याच्या एका तोंडातून शिरून दुसऱ्यातून बाहेर आली आणि दूरच्या ढिगावर गवत खाऊ लागली. काल ती लाही फुटावी तशी जागच्या जागी दोनदा उडाली. आजचे वजन ४९६ ग्रॅम आहे. घरघर अजून चालू आहे, पण मी मध्ये पडत नाही.

ठमीला मांडीवर घेऊन केस बाजूला करून पाहिले. डाव्या कुशीवर विरळ वाटले, म्हणून उजवी पाहिली, तर तिथेही तसेच आहे. परवाची पशुवैद्यांची वेळ घेतली आहे. तपासणीला नेताना चिंगीलाही सोबत न्यावे का, म्हणजे परत आल्यावर दोघींना एकमेकींचा वास परका वाटणार नाही?