उकळणारं मन आणि खचलेलं मन: दोन्हींसाठी एकच साधना चालेल का?

निशिगंध_०७

नमस्कार मंडळी. दोन टोकांबद्दल विचारायचं आहे. काही दिवशी मन नुसतं उकळत असतं: चिडचिड, घाई, दात आवळलेले, रात्री झोप नाही. काही दिवशी नेमकं उलट, अंग जड आणि कशातच रस नाही. तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. एखाद्यावर संताप आणि त्याच संतापाबद्दल अपराधीपणा, दोन्ही एकाच वेळी.

सध्याचा क्रम असा: ६ सूर्यनमस्कार, ५ मिनिटं कपालभाती, मग १० मिनिटं नाडीशोधन (आलटूनपालटून एकेका नाकपुडीने श्वास) १:४:२ या प्रमाणात (४ मोजून पूरक म्हणजे श्वास आत, १६ कुंभक म्हणजे रोखणं, ८ रेचक म्हणजे बाहेर), शेवटी १० मिनिटं शवासन. चिडलेल्या दिवशी यानंतर अस्वस्थता वाढते. खचलेल्या दिवशी शवासनात झोप लागते आणि उठल्यावर आणखी जड वाटतं. चूक क्रमात आहे की प्रमाणात? आणि इडा-पिंगलेच्या, म्हणजे डाव्या-उजव्या नाकपुडीशी जोडलेल्या नाड्यांच्या, समतोलाने भावनांचा समतोल येतो म्हणतात, ते प्रत्यक्षात कसं घडतं?

श्वासवही

आधी प्रमाणाबद्दल, कारण मोठी चूक तिथेच आहे. ४-१६-८ म्हणजे एक श्वास २८ सेकंदांचा, मिनिटाला जेमतेम दोन. हे प्रमाण बऱ्याच तयारीनंतरचं आहे. तयारी नसताना १६ आकडे श्वास कोंडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, हवेची ओढ लागते आणि ही ओढ शरीराला धोक्याच्या इशाऱ्यासारखीच वाटते. मन आधीच उकळतंय, त्यात ही भर. कुंभक पूर्ण काढून टाका. चिडलेल्या दिवशी कपालभातीही नको.

आता श्वासाने भावना का हलते ते. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची तीन बोटं हलकेच टेकवा आणि संथ श्वास घ्या. पूरकात नाडी किंचित भरभर चालते, रेचकात ओसरते. रेचक लांबला की मज्जासंस्थेची शांतवणारी बाजू वरचढ होते. म्हणून माझ्या मते कोणती नाकपुडी यापेक्षा रेचक किती लांब आणि किती विनासायास, हे जास्त महत्त्वाचं.

नाकपुड्यांचं चक्रही खरं आहे. एक मोकळी असताना दुसरी थोडी चोंदलेली असते आणि काही तासांनी पाळी बदलते. १८९५ मध्ये कायझर या जर्मन वैद्याने याचं वर्णन केलं. आपल्याकडे स्वरसाधना (गाण्याची नव्हे, चालू नाकपुडी पाहण्याची) करणारे ते फार आधीपासून पाळत आले. तेव्हा एक बाजू बंद आहे म्हणून जोर लावू नका. डावी उघडायची असेल तर उजव्या कुशीवर ५-१० मिनिटं पडून राहा, बहुतेक वेळा उघडते.

कृती अशी. घडी घातलेल्या ब्लँकेटवर बसा, गुडघे कमरेच्या खाली राहिले पाहिजेत. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा तळव्याकडे दुमडा. अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका आणि करंगळी डावीला. नाकाचं हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे बोट टेकवायचं, शेंडा चिमटायचा नाही. डावीकडून सोडा. मग डावीने ४, उजवीने बाहेर ६, उजवीने आत ४, डावीने बाहेर ६. हे एक आवर्तन, २० सेकंदांचं. ९ आवर्तनं म्हणजे ३ मिनिटं, तेवढीच करा.

बिघडतं ते बहुधा हातामुळे. उजवा खांदा वर चढतो, मान उजवीकडे कलते, बोटाने नाकाचा पडदा सरकतो आणि हवा घासून जाते. कोपर बरगड्यांजवळ सैल सोडा. श्वासाचा आवाज स्वतःच्या कानालाही येऊ नये. शेवटची खूण लक्षात ठेवा: आवर्तन संपल्यावर पुढचा श्वास घोट घेतल्यासारखा आत ओढला गेला, तर मोजणी जास्त होतेय. ३:४ वर या आणि दोन आठवडे वाढवू नका.

स्थिरसुख

श्वासवही, प्रमाणाबद्दल पूर्ण सहमत. पण निशिगंध, क्रमही चुकतोय. दोन्ही दिवशी एकच क्रम, हीच अडचण आहे. मन जिथे आहे तिथून आत शिरायचं आणि मग हळूहळू दुसरीकडे न्यायचं.

चिडलेल्या दिवशी डोळे मिटून बसलात तर विचारांना मोकळं रान मिळतं. आधी ताण खर्ची पडू द्या. ४ सूर्यनमस्कार जलद, मग ४ इतके संथ की प्रत्येक स्थितीत २ श्वास. उत्कटासन ५ श्वास. वीरभद्रासन दुसरं, दोन्ही बाजूंना ५-५ श्वास. त्यानंतर बसून पुढे वाकायचं, पण कपाळ उशीवर किंवा खुर्चीच्या बैठकीवर टेकलेलं हवं; लोंबतं डोकं मान ओढत राहतं. मग पाय भिंतीला लावून ६-८ मिनिटं. श्वासवहींचं ४:६ इथे, सगळ्यात शेवटी.

खचलेल्या दिवशी पुढे वाकणं आणि लांब शवासन नको. उठवत नसेल तर पडल्या पडल्या सुरुवात करा: पूरकाबरोबर हात डोक्यामागे, रेचकाबरोबर परत, ६ वेळा. मग उभं राहून तेच. भुजंगासन थांबून नाही, श्वासाबरोबर वर-खाली ६ वेळा. सेतुबंधासन ५ श्वासांचं, तीनदा. डोळे सतत उघडे, नजर समोर. श्वास ४:४. शवासन ३ मिनिटांचं, तेही हात वरच्या बाजूला पसरून, म्हणजे छाती मिटत नाही. योगोपचारात याला बृंहण (उभारी देणं) म्हणतात, आधीच्या क्रमाला लंघन (हलकं, शांत करणं).

वीरभद्रासन दोन मुद्दाम सांगितलं. त्यात दोन हात दोन दिशांना ओढतात आणि धड जवळजवळ नेहमी पुढच्या हाताकडे झुकतं. मागच्या तळपायाची बाहेरची कड जमिनीत दाबा, मागचा हात लांबवा, धड आपोआप ओटीपोटावर सरळ येतं. दोन्ही ओढी तशाच राहतात, फक्त मधला कणा कुणाच्या बाजूने पडत नाही. पतंजलींनी आसनाचं फळ सांगताना ‘ततो द्वन्द्वानभिघातः’ म्हटलंय (योगसूत्र २.४८). अभिघात म्हणजे तडाखा. द्वंद्वं नाहीशी होतात असं तिथे म्हटलेलं नाही. त्यांचा तडाखा बसत नाही, एवढंच. त्याच्या आधीच्या सूत्रात प्रयत्नशैथिल्य, म्हणजे प्रयत्न सैल सोडणं आहे, तेही विसरू नका. जबडा आवळून धरलेलं वीरभद्रासन चिडलेल्या माणसाला आणखी चिडवतं.

निशिगंध_०७

दोघांचे मनापासून आभार, उद्यापासूनच बदलते. पण तिसरा प्रकार राहिला. प्रतिपक्षभावना म्हणून संतापाच्या जागी प्रेम आणायला गेलं की खोटं वाटतं आणि वर अपराधीपणा वाढतो.

मधली_ओळ

खोटं वाटणारच, कारण प्रतिपक्षभावना म्हणजे उलटी भावना वरून चिकटवणं नव्हे. पतंजलींनी ती सांगितली त्या २.३३ च्या पुढचंच सूत्र वाचा. हिंसेसारखा विचार मृदू असो, मध्यम असो वा तीव्र, त्याचं फळ दुःख आणि अज्ञान, हे पुन्हा पुन्हा पाहणं ही खरी प्रतिपक्षभावना. ‘मी हे बोलले तर पुढे काय होईल’ हे शेवटपर्यंत बघायचं. प्रेम वाटलंच पाहिजे अशी अट त्यात नाही.

एकाच वेळी येणाऱ्या दोन भावनांसाठी योगनिद्रेतल्या (पडून, जागेपणी करायच्या विश्रांतीतल्या) विरुद्ध जोड्या वापरा. पहिला आठवडा भावनांना हात लावू नका. शरीराच्या जोड्या घ्या: जडपणा-हलकेपणा, उष्ण-थंड. पडून, ४ श्वास फक्त जडपणा, ४ श्वास फक्त हलकेपणा, मग २-२ श्वास आलटूनपालटून, शेवटी ४ श्वास दोन्ही एकत्र. एकत्र धरताना सुरुवातीला एक निसटतं. ते निसटू द्यायचं आणि पुन्हा बोलवायचं.

हे जमलं की संताप-अपराधीपणा. उकळत असताना करू नका; आधी स्थिरसुख यांचा चिडलेल्या दिवसाचा क्रम, मग बैठक. संताप शरीरात कुठे आहे ते शोधा. बहुधा जबडा, दंड, आवळलेल्या मुठी. ६ श्वास तिथेच. मग अपराधीपणा, तो बहुधा घशात किंवा पोटाच्या खड्ड्यात. ६ श्वास. मग २-२, मग दोन्ही. शेवटी कागदावर दोनच वाक्यं: संतापाला काय जपायचंय, अपराधीपणाला काय जपायचंय. पुष्कळदा एक आपली मर्यादा जपत असतो आणि दुसरा ते नातं. असं लिहून झालं की एकाला हाकलून द्यायची गरज उरत नाही. त्या बैठकीत निर्णय मात्र घेऊ नका, फोनही करू नका.

चुकतं कुठे? ‘तो असं म्हणाला, मग मी असं म्हणायला हवं होतं’ अशी गोष्ट मनात सुरू होते. सुरू झाली की लगेच जबड्याकडे परत या. रडू आलं तर येऊ द्या. पण अंग बधिर झालं, थरथरायला लागलं किंवा जुना प्रसंग डोळ्यांपुढे घडू लागला तर तिथेच थांबा. डोळे उघडा, तळपाय जमिनीवर दाबा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. असं पुन्हा झालं तर हे एकट्याने करायचं काम नाही, समुपदेशक सोबत हवा.

श्वासवही

एक भर. वाढलेला रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर कपालभाती आणि कुंभक दोन्ही वर्ज्य. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळा. मनाची टोकं आजाराइतकी तीव्र असतील, म्हणजे दिवसेंदिवस झोपेची गरजच न वाटणं, मग आठवडेच्या आठवडे अंधार, तर भस्त्रिका-कपालभातीसारखे वेगवान प्रकार नकोत आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. खचलेपण सलग दोन आठवडे टिकलं तरी डॉक्टरांना दाखवा.

निशिगंध_०७

नक्की. शेवटचं एक, रात्री झोप येत नसेल तर ४:६ झोपून केलं तर चालेल?

श्वासवही

चालेल, पण हात न लावता. उजव्या कुशीवर वळा, गुडघ्यांच्या मध्ये उशी, डावा तळवा पोटावर. तळवा बाहेर सरकतो तेव्हा ४, आत बसतो तेव्हा ६. मोजणी मध्येच विसरली तर पहिल्यापासून सुरू करू नका, विसरलेलीच राहू द्या.