एरंडोल ते बांभोरी रोजच्या प्रवासासाठी अठरा वर्षांच्या मुलीला जुनी मोटार: कोणती घ्यावी?

प्रश्न: शिक्षिका, एरंडोल

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलीला मार्चमध्ये 18 वर्षे पूर्ण झाली आणि तिला बांभोरीजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे. प्रयोगशाळेचे तास संपेपर्यंत संध्याकाळ होते आणि एसटीच्या गर्दीत उभी राहून ती घरी पोहोचते तेव्हा अंधार पडलेला असतो. गावातल्या तिच्या दोन मैत्रिणी त्याच महाविद्यालयात आहेत आणि पेट्रोलचा खर्च वाटून घ्यायला त्यांच्या घरचे तयार आहेत, म्हणून एखादी जुनी मोटार घ्यावी असे आम्ही ठरवले आहे. शिकाऊ परवाना निघाला आहे, ड्रायव्हिंग स्कूलचे शिक्षणही झाले आहे, फक्त पक्क्या परवान्याची चाचणी बाकी आहे.

आवर्त ठेवीचे पैसे मोडून अडीच लाख रुपये उभे राहतात. समोर तीन गाड्या आहेत. पारोळ्याचे माझे चुलत दीर त्यांची 2011 ची आल्टो 1 लाख 10 हजारांना देतात. धुळ्याच्या एका विक्रेत्याकडे गुजरात पासिंगची 2014 ची डिझेल स्विफ्ट आहे. ती खालच्या मॉडेलची आहे, रनिंग 62 हजार किलोमीटर सांगितले आहे आणि किंमत 2 लाख 20 हजार आहे. तिसरी गाडी धुळ्यातीलच एका निवृत्त गृहस्थांची 2015 ची पेट्रोल इटिऑस आहे, तिचे ते 2 लाख 65 हजार मागतात.

शिकाऊ हाताला जुन्यात जुनी गाडी द्यावी, म्हणजे घासली तरी हळहळ वाटणार नाही, असे घरातील सर्वांचे म्हणणे आहे. मला ते पूर्णपणे पटत नाही, पण का पटत नाही हे मला नेमके सांगता येत नाही. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही आणि यजमान नोकरीनिमित्त सुरतेला असतात, त्यामुळे पारख करणारे घरात कोणी नाही. धाकटा मुलगा 16 वर्षांचा आहे आणि गाडी येणार म्हणून त्याचाच उत्साह सर्वांत मोठा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: केळी उत्पादक, रावेर

ताई, माझ्या मते आल्टो घ्यावी. गाडी घरातली आहे, तिने काय काय सोसले हे दिरांना ठाऊक असेल आणि ते तुमच्यापासून काही लपवणार नाहीत. तालुक्याच्या कोणत्याही गावात तिचा मिस्तरी आणि सुटे भाग मिळतात. आमच्याकडे अशीच एक आल्टो नऊ वर्षे होती आणि माझे दोन्ही पुतणे तिच्यावरच शिकले. उरलेले 1 लाख 40 हजार रुपये मुलीच्या शुल्काला उपयोगी पडतील.

उत्तर: जुना मिस्तरी, भुसावळ

रावेरच्या दादांचे सुटे भागांबद्दलचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि गावातल्या गावात फिरायची गाडी असती तर मीही तेच सांगितले असते. परंतु ही मुलगी दररोज महामार्गावर, ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या बाजूने, दोन मैत्रिणींना घेऊन जाणार आहे. ताई, तुम्हाला जे पटत नाही त्याचे कारण हेच आहे. गाडी घासली तर काय होईल याचा विचार घरच्यांनी केला आहे; आदळली तर आतल्या तीन मुलींचे काय होईल, हा विचार अजून झालेला नाही. नवशिक्या हाताकडून चूक होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून चूक झाल्यावर सांभाळून घेणारी गाडी त्याच हाताला अधिक लागते.

2014 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या काही छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. आल्टो 800 ला पाचपैकी शून्य तारे मिळाले आणि तिचा सांगाडाच टिकाव धरत नाही असा निष्कर्ष निघाला. तुमच्या दिरांची गाडी तर तिच्याही आधीच्या रचनेची आहे. त्याच वर्षी एअरबॅग नसलेल्या स्विफ्टलाही शून्य तारे मिळाले. फोक्सवॅगन पोलोची गोष्ट अधिक बोलकी आहे. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, पण तिचा सांगाडा मजबूत होता, त्यामुळे दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले. इटिऑसलाही 2016 मध्ये दोन एअरबॅगसह चार तारे मिळाले होते. म्हणून नुसते नाव ऐकून गाडी ठरवू नये, मॉडेल कोणते आणि एअरबॅग किती, हे विचारावे. आपल्याकडे चालकाची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचे झाले ते 2019 साली. त्याआधीच्या गाडीत ते असेलच असे धरून चालू नये.

स्विफ्टचे डिझेल इंजिन चांगले आहे आणि महिन्याला दोन-अडीच हजारांची बचतही दिसते. पण दहा-अकरा वर्षांच्या डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा टर्बो बिघडले की वर्षभराची बचत एका दिवसात जाते. शिवाय 62 हजार रनिंगवर माझा विश्वास बसत नाही, कारण डिझेल गाडी लोक घेतातच जास्त पळवण्यासाठी. मीटर मागे फिरवता येतो, परंतु क्लच-ब्रेकच्या पेडलवरचे रबर, स्टेअरिंगची झिजलेली कड आणि चालकाच्या बाजूची बसलेली सीट हे सहसा कोणी बदलत नाही. ते पाहावे आणि सर्व्हिसची जुनी बिले मागावीत.

इटिऑस पाहायला जाताना ओळखीचा मिस्तरी सोबत न्या आणि गाडी आदल्या रात्रीपासून सुरू केलेली नसावी असे आधीच कळवा. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज आणि धूर येतो तो गरम इंजिनात लपतो. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर बल्ब काढून ठेवला असण्याचा संशय घ्यावा, कारण फुटलेल्या एअरबॅगवर नुसते झाकण बसवून विकलेल्या गाड्या मी स्वतः उघडल्या आहेत. बोनेट आणि दरवाजे यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का आणि बोनेटखालच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, हे पाहिले की मोठा अपघात सहसा लपत नाही.

मग दुपारी, ऊन तापलेले असताना, एसी पूर्ण चालू ठेवून गाडी अर्धा तास चालवावी आणि नंतर दहा मिनिटे जागेवर उभी ठेवावी. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि रेडिएटर किंवा पंखा कमजोर असेल तर उभ्या गाडीत तापमानाचा काटा चढू लागतो. हिवाळ्यात घेतलेली गाडी उन्हाळ्यात रडवते ती याच कारणाने. टायरची नक्षी चांगली दिसली तरी त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: 2319 लिहिले असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. आपल्या उन्हात रबर न वापरताही तडकते, सहा वर्षांवरचे टायर मी माझ्या मुलीला देणार नाही. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर ती घासून किंवा बदलून घ्या. कापसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या संध्याकाळी रस्त्यावर असतात आणि त्या आपल्याला वेळेवर दिसल्या पाहिजेत.

उत्तर: कागदपत्रांची कामे करणारा, धुळे

मिस्तरी दादांनी गाडीचे सांगितले, मी कागदांचे सांगतो, कारण लोक फसतात ते बहुतेक इथेच.

गुजरात पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी) आणून इथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. तो आकडा विक्रेता कधीच स्वतःहून सांगत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याला मोठा पूर आला होता, म्हणून तिकडून आलेल्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या पट्ट्यावर आत कुठेतरी चिखलाची रेघ सापडते. डिकीतील स्टेपनीची जागाही हाताने चाचपावी.

आल्टोची नोंदणीची पंधरा वर्षे भरत आली आहेत, हे लक्षात घ्या. 15 वर्षांवरील खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो आणि गाडी तपासणीत उतरावी लागते. ती उतरली तरच पुढची पाच वर्षे मिळतात.

इटिऑस पुष्कळ ठिकाणी टॅक्सी म्हणून चालली आहे. निवृत्त गृहस्थ खरे बोलत असतील, तरी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून ती पहिल्यापासून खासगी आहे ना, कर्जाचा बोजा आहे का आणि चलने थकली आहेत का, हे विसार देण्याआधी पाहा. बोजा दिसत असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 यांशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या सह्या करून गाडी तशीच नेण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. तसे करू नका, नाव लावण्याचा अर्ज त्याच आठवड्यात करा. विमाही 14 दिवसांत नव्या नावावर करण्यासाठी कळवावा लागतो. गाडी 2019 च्या आधीची असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही पाहा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. गाडी तुमच्या नावावर घेऊ नका, मुलीच्या नावावर घ्या. विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते परवाना असलेल्या मालकाला मिळते. तुमच्याकडे परवाना नसताना गाडी तुमच्या नावावर राहिली तर रोज चालवणारी मुलगी त्या संरक्षणाबाहेर राहते. म्हणून पक्का परवाना हाती येऊ द्या आणि मग गाडी नावावर करा.

धाकट्या चिरंजीवांबद्दलही लिहितो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. शेतापर्यंतच नेतो, असे तो म्हणेल. चावी कपाटात ठेवावी.

शिक्षिका, एरंडोल

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आल्टोचा विचार आम्ही सोडला आणि दिरांना कारणही सांगितले. त्यांना वाईट वाटले नाही. एकच शंका आहे. इटिऑसची निर्मिती 2020 मध्ये बंद झाली, मग सुटे भाग मिळतील का? आणि ते गृहस्थ 2 लाख 65 हजारांच्या खाली येत नाहीत.

उत्तर: जुना मिस्तरी, भुसावळ

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, फिल्टर, लोअर आर्म हे रोजचे भाग मिळतात, कारण या गाड्या अजून पुष्कळ रस्त्यावर आहेत. बंपर, काच, दिवे यांसाठी एखादवेळी आठ दिवस थांबावे लागेल. किमतीबद्दल म्हणाल तर टायरचे साल दाखवून बोला. टायरचा संच आणि बॅटरी मिळून वीस-पंचवीस हजारांचा खर्च उभा असेल तर तो विकणाऱ्याने सोसणे रास्त आहे. गाडी घेतल्यानंतर किमान पंधरा हजार हातात शिल्लक राहिले पाहिजेत. ते राहत नसतील तर ही गाडी तुमच्यासाठी महाग आहे, मग दोन महिने थांबा. त्या काळात दोन एअरबॅग असलेली टियागो किंवा झेस्ट दिसली तर तीही पाहा, पण मॉडेल तपासून, कारण 2020 च्या आधीच्या काही टियागोंमध्ये एअरबॅग नव्हत्या.

शिक्षिका, एरंडोल

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. रविवारी यजमान, माझा भाऊ आणि त्याच्या ओळखीचे मिस्तरी यांच्यासोबत धुळ्याला गेलो. गाडी रात्रभर उभी ठेवलेली होती आणि ती पहिल्यापासून खासगीच असल्याचे ॲपवर दिसले. एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला. एसी लावून उभी ठेवल्यावर काटाही मधोमध राहिला. मात्र चारही टायर 2017 चे निघाले आणि डावीकडचा पुढचा दरवाजा एकदा रंगवलेला आहे असे मिस्तरींनी दाखवले. गृहस्थांनी ते न लपवता मान्य केले, फाटकाला घासून दरवाजा खरचटल्याचा जुना फोटोही दाखवला. टायरचे साल दाखवल्यावर ते 2 लाख 38 हजारांवर आले. कमी पडलेले पैसे यजमानांनी त्यांच्या बोनसमधून घातले, त्यामुळे नवे टायर टाकूनही मिस्तरी दादांनी सांगितलेले पंधरा हजार शिल्लक आहेत.

व्यवहार विसार देऊन थांबवला होता. मुलीची चाचणी गेल्या गुरुवारी झाली आणि परवाना आल्यावर काल तिच्या नावाने अर्ज दिला. महाविद्यालयाला ती अजून एसटीनेच जाते. पुढचा महिनाभर पहाटे साडेपाचला माझा भाऊ शेजारी बसून तिला पाळधीपर्यंत नेऊन आणणार आहे. त्यानंतर दिवसाउजेडी ती एकटी जाईल आणि मैत्रिणींना दिवाळीनंतरच सोबत घ्यायचे असे तिने स्वतःच सांगितले. धाकट्याला गाडी धुण्याचे आणि दर रविवारी टायरची हवा तपासून आणण्याचे काम दिले आहे. हवा भरायला गाडी त्याची बहीण घेऊन जाते.